भिवापूरचं तिखट आणि दिवाळीची लड

आमच्या घरात चष्मा, किल्ल्या, गॅसचं पुस्तक, सगळं हरवतं. किस्से मात्र हरवत नाहीत. कोणी पाहुणा आला की आई चहा टाकते आणि बाबा एक किस्सा काढतात. मी अकरावीत होते त्या दिवाळीचे तर इतके साठलेत, की एका चहात संपत नाहीत!

आधी घरातली माणसं सांगते. नागपूरच्या महाल भागात आमचं दोन मजली घर. खाली मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, मोठीआई आणि त्यांचा सागरदादा. वर आम्ही तिघं. बाबांची दोन वैशिष्ट्यं. कशावरही "काही होत नाही!" म्हणायचं, आणि मोठ्या भावाला कधीच "नाही" म्हणायचं नाही.

आता लडीचं. लक्ष्मीपूजन झालं की गेटपासून विजेच्या खांबापर्यंत फटाक्यांची लड अंथरायची. ती घरातल्या मुलानं लावायची. ती फुटल्याशिवाय कोणी जेवायला बसायचं नाही. दरवर्षी सागरदादा लावायचा. मला ती लावायची होती, अगदी पाचवीत होते तेव्हापासून.

त्या वर्षी मी धीर करून विचारलं. मोठेबाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "पोरीच्या हाती लड? काहून, घरात पोट्टे नाही का?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "बघू." आमच्याकडे "बघू" चा अर्थ काय होतो, हे मला पाचवीपासून माहीत होतं.

*

बाबांनी त्याच महिन्यात जुनी गाडी घेतली होती. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी तिच्यातून भिवापूरला मामाकडे जायचं ठरलं. बाबांनी नुकतेच आणलेले सगळे फटाके डिक्कीतच राहू दिले. घरी ठेवले तर सागरदादा दिवाळीआधीच संपवेल, ही भीती!

दीड-दोन तासांचा रस्ता. आईनं तीन डबे, दोन थर्मास आणि एक उशी घेतली. बाबा म्हणाले, "दिल्लीले चाललो का आपण?" उमरेडच्या अलीकडेच गाडी गरम झाली आणि आम्ही तास-दीड तास झाडाखाली बसलो. तिन्ही डबे बाबांनीच संपवले. उशीसुद्धा त्यांनीच घेतली.

*

बाबांचा मोबाइलच्या नकाशावर विश्वास नाही. माणसाला विचारायचं, हा त्यांचा नियम. उमरेड सोडल्यावर एका टपरीवर त्यांनी विचारलं, तर एक काका थेट मागचं दार उघडून माझ्या शेजारी बसले. "चाला, मी दाखवतो ना जी!"

काकांनी वाटेत आम्हाला स्वतःच्या दोन्ही मुलींच्या लग्नांची हकीकत सांगितली. गाडी बरीच पुढे गेल्यावर एका फाट्यावर ते म्हणाले, "बस, इथंच थांबवा."

बाबांनी विचारलं, "भिवापूर आलं?"

"ते तं मागंच राहिलं जी. मले इथं उतराचं होतं!"

बाबांनी त्यांना वर नमस्कारही केला. मी नकाशा उघडून फोन पुढच्या सीटवर दिला, तर तो आईनं पर्समध्ये ठेवला.

*

मामाची मिरचीची शेती. त्याच्याकडून रिकाम्या हातानं निघणं शक्यच नसतं. जेवण झालं, आम्ही गाडीत बसलो, तोवर मामानं नव्या दळलेल्या तिखटाची पाच किलोची पिशवी डिक्कीत टाकलीसुद्धा. आई म्हणाली, "इतकं काय करू मी?"

"पाहुणा खाली डिक्कीनं गेला तं गाव काय म्हणन?" मामा म्हणाला.

पिशवी साध्या प्लास्टिकची होती. मी म्हटलं, फटाक्यांच्या खोक्यावर नको. बाबा काय म्हणाले, ते सांगायला नकोच!

*

तिसऱ्या गतिरोधकावर मागून फस्सकन आवाज आला. पुढचा सगळा प्रवास आम्ही काचा खाली करून, आळीपाळीनं शिंकत केला.

नागपूरच्या वेशीवर एका पोलिसानं गाडी थांबवली. "डिक्की खोला." बाबांनी खोलली. पोलीस वाकला, पाच वेळा शिंकला, आणि डोळे पुसत म्हणाला, "जा बाप्पा, जा!"

घरी आल्यावर बाबांनी गच्चीवर चादर अंथरून फटाके वाळत घातले आणि रंगाच्या ब्रशनं एकेक झटकला. लड मात्र झटकता येईना. तिच्या प्रत्येक वातीत तिखट बसलं होतं. "काही होत नाही," बाबा म्हणाले.

*

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पूजा आटोपली. सागरदादा नवा शर्ट घालून अगरबत्ती घेऊन उभा राहिला. मला ते पाहायचं नव्हतं. खरं सांगायचं तर रडू येत होतं. आई म्हणाली, "चाल, आत्याकडे फराळ देऊन येऊ." आम्ही दोघी तोंडाला स्कार्फ गुंडाळून स्कूटीवर निघालो. नागपुरात मुली स्कार्फ असा बांधतात, की फक्त डोळे दिसतात, आणि दिवाळीच्या धुरात रात्रीही त्यांवर गॉगल.

अर्ध्या तासानं परतलो, तर अंगणात कोणी नाही! सगळे आत, खिडकीला चिकटलेले, डोळे लाल. सागरदादानं आधी एक अनार लावला होता. त्याच्या तिखट धुरानं शेजारचे दोन्ही वाडे आत पळाले होते. मग तो लडीकडे तीनदा गेला आणि तीनदा खोकत परत आला. दादा रोज जिमला जातो, हेही नोंदवून ठेवते.

मोठेबाबा ओला टॉवेल नाकाशी धरून म्हणाले, "आता लावन कोण?"

बाबा डोळे पुसत म्हणाले, "दादा, हिचं तोंड बांधून आहे."

मोठेबाबांनी एकदा लडीकडे, एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतून पुरणाचा वास येत होता.

"लाव मंग," ते शेवटी म्हणाले. "भूक लागली."

मी गॉगल नीट केला, अगरबत्ती घेतली आणि गेले. लड खांबापर्यंत फुटत गेली आणि तेवढा वेळ मी एकटीच अंगणात उभी होते. इतका आनंद मला दहावीच्या निकालानंही झाला नव्हता.

*

पुढच्या वर्षी आमचं भिवापूरला जाणं झालं नाही. वसुबारसेलाच मोठेबाबांनी जाहीर केलं, "या वर्षी लड सागरच लावन. मांगचं मांगं राहू द्या."

बाबा म्हणाले, "हो दादा."

मी दोन दिवस बाबांशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईनं मला गच्चीवर पाठवलं, बाबांना चहाला बोलवायला. चादरीवर लड वाळत होती. बाबा माझ्याकडे पाठ करून उकिडवे बसले होते. शेजारी स्वयंपाकघरातला तिखटाचा डबा. ते चिमूट चिमूट घेऊन लडीवर भुरभुरत होते, अगदी सावकाश, एकही वात न सोडता.

मी दारातच थांबले. त्यांनी मागे वळून पाहिलं, डब्याला झाकण लावलं आणि म्हणाले, "तुझा स्कार्फ धुतला का वं?"