गुरुजींच्या गळ्यातली डबी

मडिवाळप्पा गुरुजींच्या गळ्यातली चांदीची डबी त्यांच्या थोरल्या भावानं उघडली, आणि आत काहीच निघालं नाही. तळाला चिमूटभर विभूती चिकटलेली, बस्स. सिद्रामप्पांनी डबी उपडी करून तळहातावर आपटली, आत बोट फिरवलं, पुन्हा आपटली. उदगीरच्या त्या अंगणात शंभरेक माणूस जमलेलं होतं. भजनवाल्यांचा टाळ मध्येच थांबला.

"अरे, लिंग कुठंय?" सिद्रामप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

ज्याला इष्टलिंग ठाऊक नाही, त्याला ह्या प्रश्नातली धडकी कळायची नाही. गुरूनं दिलेलं ते आवळ्याएवढं काळंभोर लिंग लिंगायत माणूस मरेस्तोवर गळ्यात वागवतो. रोज अंघोळ झाली की डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मग पाणी, मग घास. माणूस गेला की त्याला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या हातात त्याचं लिंग देतात आणि तसंच मातीत ठेवतात. ज्याचं त्याला, बरं का! नवऱ्याचं बायकोला चालत नाही, बापाचं लेकाला चालत नाही. आणि हे सगळं तीस गावं हिंडून लोकांना दटावून सांगणारा माणूस आता भिंतीला टेकून बसवलेला होता, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, डावा हात मांडीवर उघडा, आणि हातात ठेवायला काही नाही.

लक्ष्मम्मा त्यांच्या शेजारीच बसली होती. चव्वेचाळीस वर्षांचा संसार. पहाटे नवरा गेला तेव्हा ती रडली होती, रीतीप्रमाणे आणि मनापासूनही. पण हे बघून तिचं रडूच आटलं. आधी तिला वाटलं, चोरी झाली. मग वाटलं, अंघोळ घालताना पडलं असेल. ती गुडघ्यावर सरकत फरशी चाचपायला लागली. दोन बाया तिला धरायला धावल्या.

तेवढ्यात मागून आवाज आला, "लोका सांगे ब्रह्मज्ञान..." पुढचं कोणी म्हटलं नाही, म्हणायची गरजही नव्हती. श्रीमंत नावाचा कापडवाला होता तो. दहा वर्षांपूर्वी लिंग कपाटात ठेवून दुकानात बसतो म्हणून गुरुजींनी त्याला भर बाजारात झापलं होतं. माणसं असली उधारी विसरत नाहीत! पण त्या दिवशी त्याला गप्प बस म्हणायची छाती अंगणात कोणाची झाली नाही.

लक्ष्मम्मानं मान वर केली आणि सगळ्यांची तोंडं बघितली. जो तो हबकलेला. एक माणूस तेवढा हबकलेला नव्हता. तिचाच मुलगा रविकिरण. तो बेलाची पानं आणायला गेला होता, आत्ताच दारातून आला होता, आणि पानांची पिशवी छातीशी धरून खाली बघत उभा होता.

"रवी," ती म्हणाली, "तुला ठाव हाय."

"अव्वा, आत चल. सांगतो."

"आत न्हाई. तुझ्या अप्पाची अब्रू भरल्या अंगणात चाललीय, तवा इथंच सांग."

पोरगा तिशीतला, लातूरला कॉलेजात शिकवतो, पण आईपुढं त्याचं काही चाललं नाही. मग तो हळूहळू बोलायला लागला.

आता हे समजायला थोडं मागं जायला हवं. गुरुजींनी पस्तीस वर्षं झेडपीच्या शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर माणसं घरी बसून पेपर वाचतात, नातवंडं खेळवतात. ह्यांनी मोटरसायकल काढली आणि गावोगाव धर्म सांगत सुटले. त्यांची कीर्ती कशी कोण जाणे, इंग्लंडात पोचली. तिथं एका शहरात लातूर, बिदर, सोलापूरकडची सत्तावीस लिंगायत घरं होती. त्यांनी मंडळ काढलं होतं आणि पोरांना चार गोष्टी शिकवायला माणूस हवा होता. गुरुजी निघाले. देगलूर माहेर असलेली लक्ष्मम्मा, जिनं नांदेडच्या पलीकडचं जग बघितलं नव्हतं, तीही पायात लोकरीचे मोजे चढवून संगं गेली. रविकिरण तिथंच शिकत होता.

तिथली पोरं विभूती बघून विचारायची, ही पावडर कसली? गुरुजी चिडायचे, समजावायचे, पुन्हा चिडायचे. एकदा तर एका मोठ्या डॉक्टरला त्यांनी भरल्या ताटावरून उठवलं होतं, का तर त्याच्या गळ्यात लिंग नव्हतं. "देवाला घरी ठिवून जेवायला आलास व्हय?" असं म्हणाले. लक्ष्मम्मा शरमेनं मेली होती, आणि मनातून तिला कौतुकही वाटलं होतं. माणूस कडक, पण खरा!

दुसऱ्या वर्षी जानेवारीत ती न्हाणीघरात कोसळली. डावी बाजू गेली. पुढचे नऊ दिवस तिला काही आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच, की डोळे उघडले, उजवा हात पहिल्यांदा छातीकडे गेला आणि डबी जागेवर होती. तिनं ती घट्ट धरली. "देवा, तू माझ्यासंगंच व्हतास की रे," असं ती म्हणाली आणि हमसून रडली. शेजारी स्टुलावर गुरुजी बसले होते. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. तिला वाटलं, नवऱ्याला गहिवरून आलं. आणि त्या दिवसापासून सहा वर्षं ती येईल त्याला सांगत आली, की सातासमुद्रापलीकडे मला डॉक्टरनं नाही, माझ्या लिंगानं वाचवलं.

"ते तुझं नव्हतं, अव्वा," रविकिरण म्हणाला.

लक्ष्मम्माचा हात आपोआप छातीवर गेला.

झालं होतं ते असं. डोक्याचा फोटो काढायच्या मशीनमध्ये अंगावर धातू चालत नाही. नर्सनं घाईघाईत शिवदार, म्हणजे डबीचा गळ्यातला दोरा, कापला, डबी काढली. चांदीची वस्तू, म्हणून उघडून तपासली. आत फडक्यात गुंडाळलेला काळा गोळा. तिला वाटलं, असेल काही औषध नाहीतर घाण. तिनं तो कचऱ्यात टाकला आणि डबी पाकिटात घालून, वर नाव लिहून, गुरुजींची सही घेऊन प्रामाणिकपणे परत केली. चांदी सांभाळली हो तिनं, देव तेवढा फेकला! गुरुजींच्या ध्यानात आलं तोवर पिशव्या जाळायला गेल्या होत्या. तरी बापलेक दवाखान्याच्या मागं बर्फात उभे राहून लोखंडी पेट्या उपसत होते. खरं कळल्यावर ती नर्स गुरुजींचे हात धरून रडली. बिचारीला काय ठाऊक!

"डॉक्टर म्हणाले, शुद्धीवर आल्यावर हिला धक्का बसता कामा नये, दुसरा झटका आला तर हातची जाईल. आणि तू लिंगाबिगर पाणी पिणार नव्हतीस. अप्पाला ते माहीत होतं. त्यांनी तिथंच, कॉरिडॉरमध्ये, सोताचं काढलं अन् तुझ्या डबीत घातलं."

कोणीतरी "शिव शिव" म्हणालं. ते दयेनं की रागानं, सांगता येणार नाही.

लक्ष्मम्माच्या डोळ्यापुढं सहा वर्षं सरसर फिरली. तिचा डावा हात तेव्हापासून बधिर, निखारा ठेवला तरी कळायचा नाही, मग वजनातला फरक काय कळणार? एकदा ती म्हणाली होती, "अहो, माझं लिंग मोठं झाल्यागत दिसतंय." तर गुरुजी म्हणाले होते, "भक्ती वाढली तुझी!" आणि दोघं हसले होते. परत आल्यापासून ते पूजेला दार लावून बसायचे. ती दारावर थाप मारून चिडवायची, "देवाला लाजताव काय हो?" आणि हो, त्यानंतर त्यांनी कधी कोणाला ताटावरून उठवलं नाही. लोक म्हणायचे, परदेशी जाऊन गुरुजी मवाळ झाले.

"मग दुसरं का न्हाई घेतलं?" सिद्रामप्पांनी विचारलं. "मठ मागच्या गल्लीत हाय. गुरूला सांगायचं, घ्यायचं."

"मी म्हणालो होतो, मोठेअप्पा. तर म्हणाले, ज्याचं हरवलं त्यानं दुसरं घ्यावं. माझं कुठं हरवलंय? घरातच हाय." रविकिरणनं पानांची पिशवी खाली ठेवली. "आणि परवा मला म्हणाले, माझ्या माघारी तिच्या गळ्यातलं काढू नका. मला रिकाम्या हातानं बसवा, वर फुलं टाका. अन् तिला कळू देऊ नका. मी पानं घेऊन येईस्तोवर तुम्ही डबी उघडली."

मग लक्ष्मम्मा उठली. उजव्या हातानं भिंत धरून उठली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली, आणि अंगणानं कधी ऐकलं नव्हतं असं ती त्या मेलेल्या माणसावर ओरडली.

"सहा वर्षं! सहा वर्षं मला येडी केलंत! मी गावभर सांगत फिरले, माझ्या लिंगानं वाचवलं म्हणून, अन् तुम्ही शेजारी बसून मान डोलावताव? मला एका शब्दानं सांगावं वाटलं न्हाई? मी काय मेले असते व्हय? मेले असते तर मेले असते! तुम्हाला कुणी सांगितलं हे धंदे करायला?" तिचा श्वास पुरेना. "लई शहाणे! लई शहाणे तुम्ही!"

कोणी तिला थांबवलं नाही. ओरडून ओरडून ती आपोआप खाली बसली.

सिद्रामप्पा व्यवहारी माणूस, आडतीत आयुष्य गेलेलं. त्यांनी घसा साफ केला. "झालं ते झालं. यात अवघड काय हाय? त्याचं त्याला द्या. तुला स्वामी नवं देतील, दहा मिनटांचं काम. त्याची लाज ऱ्हाईल, तुझा नेम ऱ्हाईल, अन् दिवस मावळायच्या आत सगळं रीतीनं हुईल." मठाचे म्हातारे स्वामी ओट्यावर बसले होते, त्यांनीही मान हलवली. अंगणात सुटकेचा श्वास पसरला. खरंच, ह्याहून सरळ वाट कुठली? श्रीमंतसुद्धा म्हणाला, "बरोबर हाय."

लक्ष्मम्मानं गळ्यातली डबी काढली. सगळ्यांना वाटलं, सुटलं.

तिनं रविकिरणकडून बेलाचं पान मागितलं, पाणी मागितलं. त्या दिवशी तिची पूजा व्हायची होती, पहाटेपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. तिनं लिंग काढलं आणि रोजच्यासारखं स्वतःच्या डाव्या हातावर न घेता गुरुजींच्या उघड्या, गार तळहातावर ठेवलं. वरून पाणी सोडलं, विभूती लावली, पान वाहिलं. पान दोनदा घसरलं. डोळे मिटून ती इतका वेळ बसली, की बायांना वाटलं हिला पुन्हा काही झालं. मग तिनं त्या तळहातावरलं पाणी बोटानं टिपून आपल्या जिभेला लावलं.

आणि लिंग उचललं, पुसलं, आपल्या डबीत घातलं आणि डबी गळ्यात अडकवली.

"अगं, हे काय करायलीस?" सिद्रामप्पा पुढं झाले. "त्याचं हाय ते!"

"व्हतं," ती म्हणाली. "मला दिलंय त्येंनी. उसनं मागितलं नव्हतं मी, परत द्यायला."

"अन् लोक काय म्हणतील? लिंगाबिगर मातीत घातला म्हणतील!"

"म्हणू द्या. भावजी, मी तुमच्यापुढं कधी तोंड वर केलं न्हाई, आज करायलेय. सहा वर्षं दार लावून ह्येनी रिकाम्या हातावर पूजा केली. ती देवाला पावली नसंल, तर मग माझीबी कधीच पावली न्हाई. विचारा स्वामींना."

सगळे स्वामींकडे वळले. म्हातारा काठी टेकत उठला आणि म्हणाला, "उचला. ऊन कलायलं."

गावाबाहेरच्या स्मशानभूमीत खड्डा तयार होता. गुरुजींना आत उतरवून कोनाड्यात मांडी घालून बसवलं. पाठीला भिंत, तोंड पूर्वेला. स्वामी काठाशी वाकले. पन्नास वर्षांच्या सवयीनं त्यांचा हात काहीतरी ठेवायला पुढं झाला आणि तसाच अधांतरी थांबला. खाली गुरुजींचा डावा हात उघडा होता, त्यावर विभूती तेवढी ओली.

"बाई," स्वामींनी हळूच विचारलं, "निदान फुलं तरी टाकू का वरून? हात झाकंल."

लक्ष्मम्मा काठावर उभी होती, रविकिरणनं तिला धरलं होतं. तिनं नवऱ्याकडे एकदा नीट बघून घेतलं.

"नका झाकू," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या तसाच. त्येन्ला सवय हाय."