फॉस्फेट बफरची बाटली

“चूक विद्यार्थिनीच्या हाताची आहे,” मी समितीला सांगितलं. वैशाली शेजारीच बसली होती. अध्यक्षांनी इतिवृत्तात ‘हाताळणीत निष्काळजीपणा’ असं लिहून घेतलं. महिनाभरात प्रयोगाचा निकाल आला नाही, तर तिची फेलोशिप बंद होणार होती. फेलोशिप गेली की जामखेडला घरी परत जाणं, एवढंच तिच्या हातात उरत होतं.

मी संगमनेरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. आमचं काम मॅग्नेटिक बीड्सचं. हे लोखंडाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण, त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर. प्रथिनांचे तुकडे, म्हणजे पेप्टाइड्स, त्यांत मिसळले की फॉस्फेट असलेले तेवढे कणांना चिकटतात. बाहेरून चुंबक लावला की कण नळीच्या भिंतीला जातात. बाकीचं ओतून द्यायचं, चिकटलेलं सोडवून पुण्याला तपासायला पाठवायचं. चाचणीला आम्ही दुधातलं केसीन वापरतो. त्यात फॉस्फेट भरपूर. तरीही चार वेळा पुण्याहून उत्तर आलं, काही सापडलं नाही.

समितीनंतर तिसऱ्या दिवशी लॅब अटेंडंट शिंदेमामा एक बाटली घेऊन आले.

“सर, ही टाकू का? लई बुरशी धरलीय. बाकीच्या बाटल्यांना न्हाई धरत.”

“कशाची आहे?”

“मला काय ठावं? अक्षर तुमचं हाय.”

लेबलवर लिहिलं होतं, ‘फॉस्फेट बफर, बीड्स ठेवण्यासाठी’. माझं शिक्षण अँटिबॉडीच्या लॅबमध्ये झालं. तिथे बीड्स या फॉस्फेटच्या द्रावणातच ठेवतात. इथे मात्र बफरमधल्या फॉस्फेटने कणांवरची जागा आधीच अडवली होती. पेप्टाइड्सना चिकटायला जागाच नव्हती.

मी वैशालीची वही मागवली. दर शुक्रवारी विद्यार्थ्यांच्या वह्यांचा गठ्ठा येतो, मी पानोपानी सही करतो. मार्चच्या एका पानावर तिने लिहिलं होतं, ‘फॉस्फेट बफरमुळे अडथळा येत असेल का? बदलून पाहू?’ खाली माझी सही.

“हे पान समितीला का दाखवलं नाहीस?”

“तुमची सही होती, सर. चार लोकांत कसं दाखवणार?”

“मग बफर तरी बदलायचा.”

“तुम्ही हो-नाही काहीच लिहिलं नव्हतं.”

नवे कण पातळ अल्कोहोलमध्ये ठेवले. तीन आठवड्यांनी पुण्याहून फॉस्फेट असलेल्या पेप्टाइड्सची यादी आली. मी समितीला पत्र लिहिलं, सोबत त्या पानाची प्रत जोडली. फेलोशिप चालू राहिली. जुन्या इतिवृत्तातली ओळ मात्र खोडता येत नाही. पुढच्या इतिवृत्तात दुरुस्ती नोंदवली आहे. आधीचं वाचणारा नंतरचंही वाचेलच, असं नाही.

पत्राची प्रत वैशालीला दिली. तिने ती उभ्यानेच वाचली, वहीत ठेवली आणि विचारलं, “सर, सेंट्रिफ्यूज मोकळं आहे का?”

आता वही वाचून सही करतो. एका वहीला दहा मिनिटं लागतात. मार्चमधल्या त्या शुक्रवारी मी तेवढीच वाचवली होती.