बोट सुटण्यापूर्वी

अंदमानच्या धक्क्यावर सहलीची बोट लागली होती आणि आम्ही प्रवासी केशरी लाइफ जॅकेटे चढवत होतो. जॅकेटाचा पट्टा सैल राहिला तर ते पाण्यात वर सरकते आणि फार आवळला तर श्वास कोंडतो, म्हणून प्रत्येक जण तो जपून बांधत होता.

आमच्या गटातल्या एक काकू मात्र जॅकेट मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिल्या. "अहो, मला पाण्याची भीती वाटते. तुम्ही जाऊन या," त्या काकांना म्हणाल्या.

"मग बेटं मी एकट्याने बघू?"

"बघा की! घरी टीव्ही तरी मला विचारून बघता का?"

काका हसले. आग्रह न करता, स्वतःचा पट्टा सोडून ते शेजारी बसले. धीर देताना आपण किती बोलतो! घाबरलेल्या माणसाला बहुधा एवढेच हवे असते, की त्याच्या भीतीला कोणी घाई करू नये.

पाणी इतके नितळ होते की तळाची वाळू दिसत होती. काकू बराच वेळ तिकडे पाहत राहिल्या.

"बांधा तो पट्टा," त्या अखेर म्हणाल्या, "आणि माझाही बांधा."

बोट सुटली. काकूंनी डोळे घट्ट मिटले होते, आणि किनाऱ्यालगत पाण्याचा रंग कसा बदलतो आहे, ते काका त्यांना हलक्या आवाजात सांगत होते.