एकेक कार्ड काढणारे आवटे सर

संगणक विभागाच्या आवटे सरांची आणि माझी पहिली भेट बीडच्या आमच्या तंत्रनिकेतनात झाली आणि पहिल्याच दिवशी मी वैतागलो. मी प्रयोगशाळा सहायक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. एका संगणकाचा आवाज येत नव्हता. सरांनी त्यातली सगळी कार्डं काढून पेपरवर मांडली आणि एकेक परत बसवत दर वेळी संगणक चालू करून पाहिला. पाच मिनिटांच्या कामात दुपार गेली. सर आज साठीत प्रवेश करीत आहेत. पद्धत तसूभर बदललेली नाही. अहो, माणसाने अंत पाहावा तरी किती!

गेवराईचे एक शिक्षक बिघडलेला संगणक चादरीत गुंडाळून एसटीने घेऊन आले. सरांनी त्यांना आपल्या डब्यातली भाकरी खाऊ घातली आणि शेवटची गाडी चुकेपर्यंत बसवून ठेवले. मग मुक्कामालाही घरी नेले. असा माणूस. रागवायचीही सोय नाही.

पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. माझी अकरा महिन्यांची नेमणूक संपत आली होती. ती वाढवणे प्राचार्यांच्या हाती होते. ऑनलाइन परीक्षेच्या सकाळी मुख्य संगणकाचे नेटवर्क कार्ड मीच घाईने बदलले. स्क्रू आवळताना कार्डाची एक बाजू खाचेतून उचलली गेली. संगणक सुरूच होईना, नुसता पीं-पीं करू लागला. सरांना बोलावले. प्राचार्य शेजारीच उभे होते.

सरांनी झाकण काढले, आत पाहिले आणि मला विचारले, "पवार, आत शेवटचा हात कुणाचा गेलता?"

"कुणाचाच न्हाई, सर."

सरांनी मान हलवली आणि नेहमीप्रमाणे सगळे काढायला घेतले. दीड तास! मुले पायऱ्यांवर ताटकळली. प्राचार्यांचा पारा चढला. तुमच्या या रेंगाळण्याने संस्थेची अब्रू गेली, झेपत नसेल तर घरी बसा, असे ते सर्वांदेखत सरांना बोलले. सरांनी ऐकून घेतले. शेवटी उरलेले नेटवर्क कार्ड त्यांनी माझ्या हातात दिले. मी ते नीट बसवले आणि संगणक सुरू झाला. दोष काय होता, या प्राचार्यांच्या प्रश्नाला सरांनी 'धूळ' एवढेच उत्तर दिले.

व्हरांड्यात मी त्यांच्यासमोर खाली मान घालून उभा राहिलो.

"मला झाकण काढताच दिसलं होतं," सर म्हणाले. "तुमी सांगताल म्हणून थांबलतो."

माझी नेमणूक वाढली. मी गप्पच राहिलो आणि सरांवर वेळखाऊपणाचा शिक्का कायमचा बसला. इतकी वर्षे सरांवर चिडलो, पण खरी चीड माझीच येते.

तेच प्राचार्य सरांच्या साठीनिमित्त हा गौरव अंक काढणाऱ्या समितीचे अध्यक्ष आहेत. महोदय, ती धूळ नव्हती. कार्ड मी वाकडे बसवले होते आणि खोटेही मीच बोललो होतो. आवटे सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि त्या सकाळचे आपले शब्द आपण समारंभात सर्वांदेखत परत घ्यावेत, ही हात जोडून विनंती.