डाव्या हाताची बंदूक

बडोद्याहून निघाले त्या सकाळी वाडी भागातल्या आमच्या दारात आई दह्याची वाटी घेऊन उभी होती. बाहेर अहमदाबाद विमानतळाची गाडी हॉर्न वाजवत होती, पोळातले, म्हणजे आमच्या गल्लीतले, शेजारी "आवजो, आवजो" करत होते, आणि मी घाईघाईने हात पुढे केला. आईने दही घातलंच नाही. "उजवा," एवढंच म्हणाली. जन्मभर रोज ऐकलेला शब्द, जातानाही तोच. मी हात बदलला, दही चाटलं आणि कॅनडाला आले.

तुमच्यात कोणी डावखुरं असेल तर वेगळं सांगायला नको. प्रसाद उजव्या हातात, हळदीकुंकू उजव्या हाताने, जेवायला बसलं की डावा हात मांडीखाली. शाळेतल्या गुजराती मैत्रिणी मला "डाबोडी" म्हणून चिडवायच्या. आई घरी ब्लाउज शिवायची. तिच्या कात्रीने मला चिंधीसुद्धा सरळ कापता यायची नाही, तेव्हा "हिच्या हाताला वळणच नाही" असा निकाल लागला. मलाही तो पटला होता.

इथे मी गव्हाच्या शेतांमधल्या एका लहानशा गावात फार्मासिस्ट आहे. गावाला एक रस्ता, एक कॉफीचं दुकान आणि आभाळ मात्र भरपूर. सप्टेंबर-ऑक्टोबरात कापणी झालेल्या शेतांवर उत्तरेकडून रानबदकांचे, रानहंसांचे थवे उतरतात आणि अख्खं गाव बंदुका घेऊन पहाटे बाहेर पडतं. मग सगळा हिवाळा कॉफीवर तेवढाच विषय: कोणाचा नेम लागला, कोण चिखलात पडलं. मी आपली त्यांना गोळ्यांचे डोस समजावणारी बाई. ऐकायची, हसायची, घरी यायची. यंदा शेजारीण मार्गी, सत्तरीची खमकी शेतकरीण, म्हणाली, "तू येतेस." मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

परवान्याची परीक्षा सहज पास झाले. परीक्षेला बडोद्याची मुलगी कशाला घाबरेल? घोडं अडलं ते पुढे. मार्गीची बंदूक सेमी-ऑटोमॅटिक. चाप ओढला की बार उडतो, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि पुढचं आपोआप जागेवर येतं. ते बाहेर पडतं उजवीकडे. माझा खांदा डावा, त्यामुळे ते तापलेलं काडतूस थेट माझ्या नाकासमोरून जायचं आणि मी डोळे मिटायचे. मग शहाण्या मुलीसारखी उजव्या खांद्याला लावून पाहिली. सरावासाठी हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या सगळ्या अखंड जमिनीवर आल्या. मी मार्गीला म्हटलं, राहू दे, माझ्या हाताला वळणच नाही.

तिने मला गाडीत घातलं आणि जवळच्या मोठ्या गावातल्या बंदुकांच्या दुकानात नेलं. दुकानदाराने मला बोटांच्या गोलातून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायला लावलं, एकेक डोळा मिटायला सांगितला आणि जाहीर केलं की माझा डावा डोळा मालक, उजवा नोकर. मग आतून दोन बंदुका आणल्या. दोन्हींची काडतूस बाहेर पडायची खिडकी डाव्या अंगाला! बंदुकीलाही डावी-उजवी असते हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं.

एक हलकी होती, साफसफाईचा त्रास कमी, पण खांद्याला लाथ मारणारी. दुसरी बार उडाल्यावर होणाऱ्या वायूवर चालणारी, जराशी जड, वरचेवर पुसावी लागणारी, पण धक्का स्वतःच गिळणारी. माझी चण पाहून त्याने बारा बोअर बाजूला सारून त्याहून बारीक नळीची वीस बोअरच काढली होती. म्हणाला, डोळे मिटून खांद्याला लाव, मग उघड. नजर सरळ नळीवरून गेली तर ती तुझी. पहिलीचा दस्ता काखेत अडकला. दुसरी लावून डोळे उघडले आणि नळी अगदी नाकासमोर. त्याने विचारलं, कशी वाटते? माझ्या तोंडून निघालं, "फावतं!" पुण्याची मावशी या शब्दाला नेहमी हसायची, "फावायला तू काय चोर आहेस?" पण आपल्या बडोद्याच्या फावण्यात आवडणं, जमणं आणि सुखाने बसणं सगळंच आलं. त्याला इंग्रजीत काय सांगणार? मान डोलावली आणि वायूवाली घेतली.

आता आईला सांगायचं होतं. तिने नको म्हटलं असतं तर मी गेले नसते, इतकं मला माझं ठाऊक होतं. खंडेनवमीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे पाटावर तिचं शिवणयंत्र, कात्री आणि बाबांचे रिफायनरीतले नट पिळायचे पाने मांडलेले. मी घाबरून "हंसांच्या शिकारीला जातेय" असं बोलून बसले.

"हंस? अगं, सरस्वतीचं वाहन!"

मागून बाबा ओरडले, "बदक म्हण ने! सुटशील."

"खाणार ने पण? की नुसतं मारून टाकणार?" आईने विचारलं.

खाणार, म्हटलं, आणि मग काडतूस, नाक, डावी खिडकी सगळं सांगितलं.  आईने पाटावरची कात्री उचलली, डाव्या हातात धरली, पदराचं टोक कापायला गेली. कापड नुसतं दुमडलं.

"म्हणजे कात्रीलाही हात असतो?"

"असतो. डावखुऱ्यांची वेगळी मिळते."

"मग तुझा हात चांगलाच होता गं," ती म्हणाली. "मीच बोलत राहिले." डोळे पुसून लगेच तिचा नेहमीचा आवाज लागला, "बंदूक रिकामी आहे ने? ठेव पाटावर. कुंकू लाव."

मी सवयीने उजव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं.

"तो नको," आई म्हणाली. "बंदूक ज्या हाताची, त्याच हाताने पूजा कर."

दुसऱ्या पहाटे माझे पहिले दोन्ही बार आभाळाला लागले आणि मार्गीने ते गावभर केलं. यंदा कॉफीवर माझाही विषय आहे. घर म्हणजे काय, असं तुम्ही बडोद्याची मंडळी फोनवर विचारता. कुठला हात पुढे करू, हा विचारच जिथे मनात येत नाही, ते घर. सध्या माझी अशी दोन आहेत. आईचं वाडीतलं घर त्यातलं नवं.