वाटीतला अणू

जर्मनीतल्या येना शहरातल्या एका छोट्या कारखान्यात गुंडुला पेट्झोल्डनं एकतीस वर्षं भिंगं आणि आरसे घासले. ते पुढं कुठं जातात, हे तिनं कधी विचारलं नाही, कुणी आपणहून सांगितलंही नाही. तिच्या अंगठ्याला मात्र यंत्राच्या आधी खोट कळायची.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना विद्यापीठातली वीब्के हार्म्स कागद घेऊन आली. तिला काचेची अर्धगोल वाटी हवी होती, आतून आरसा असलेली. गोलाईत चूक चालणार होती ती केसाच्या दोन हजाराव्या हिश्शाएवढी.

"बाई, तुम्हाला वाटी नकोय, चमत्कार हवाय," गुंडुला म्हणाली. "ठेवा कागद."

यंत्रावर घासलेल्या दोन वाट्या परत आल्या. तिसरीच्या वेळी तिनं यंत्र बंद केलं आणि हातानं काच घासायचा राळेचा गोळा घेतला. पाच मिनिटं घासायचं, तासभर थांबायचं, कारण हाताच्या उबेनंही काच फुगते. असे अकरा आठवडे.

"एव्हाना अख्खा डिनर सेट झाला असता," शेजारच्या बाकावरचा हेनिंग चिडवायचा.

"तुझ्या हातचा? त्यातून सूप गळलं असतं," ती मान वर न करता म्हणायची.

वाटी पसंत पडली. हिवाळ्यात वीब्केनं तिला बोलावून घेतलं. बाहेर भर दुपार, खोलीत मिट्ट काळोख. डोळे सरावल्यावर गुंडुलानं नळीतून पाहिलं. निळसर हिरवा ठिपका, टाचणीच्या टोकाहून बारीक.

"बेरियमचा अणू," वीब्के म्हणाली. "एकच. विजेच्या पिंजऱ्यात धरलाय, लेझरनं उजळवलाय. तुमच्या वाटीच्या बरोबर मध्यावर. आता ही कळ फिरवा, अगदी हळू. वाटी जराशी सरकेल."

गुंडुलानं कळ फिरवली. ठिपका मंदावत गेला आणि दिसेनासा झाला.

"मारला की काय मी त्याला?"

"नाही हो. तिथंच आहे, लेझरही चालू आहे. पण त्याच्यातून निघू पाहणारी लाट आणि वाटीवरून परतणारी लाट एकमेकींना पुसून टाकतात. उजेडाला बाहेर पडायला वाटच उरत नाही. म्हणून तो उजेड सोडतच नाही."

"वाटी तर त्याच्यापासून बोटभर लांब आहे."

"तरीही."

तिनं कळ उलटी फिरवली. ठिपका पुन्हा उजळला, आधीपेक्षाही जास्त. पुन्हा विझवला, पुन्हा उजळवला. तिचा श्वास इतका मंद झाला होता की वीब्केनं दोनदा वळून पाहिलं. जगातल्या एका अणूनं चमकावं की नाही, हे तिच्या अंगठ्यानं घासलेली काच ठरवत होती. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा तिनं चटकन चेहरा बाजूला घेतला, भिंगावर थेंब पडू नये म्हणून.

घरी नवऱ्यानं विचारलं, "काय दाखवलं मग?"

"अंधार," ती म्हणाली. "मी केलेला."

वसंतात ती ठरल्याप्रमाणे निवृत्त झाली. पण वीब्केला आणखी एक वाटी लागली आणि तिनं ते थेट गुंडुलाला कळवलं, तेव्हा कारखान्यातून हेनिंगचा फोन येण्याआधीच गुंडुला आपल्या बाकावर येऊन बसली होती.