गुरुजींची पकड

नवा माणूस भेटला की चिगुसा उओझुमी आधी त्याच्या मधल्या बोटाकडे बघते. नखाशेजारी घट्टा दिसला की तिला बरं वाटतं. हा माणूस लिहितो. टोकियोच्या पूर्वेला, नदीकाठच्या गल्लीत कामेदांचा पेनांचा लहानसा कारखाना आहे. पेन जिथे बोटांत धरतात त्या जागेला आकार द्यायचं काम ती तिथे करते, केस काळे होते तेव्हापासून. आधी माती, मग लाकूड, शेवटी रबर. काम चांगलं झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि बोटं दुखली की शिव्या मात्र तिलाच.

या कामातली मेख कामेदांनी तिला सुरुवातीलाच सांगितली होती. नमुना हातात देऊन समोर बसलं की माणूस पाठ ताठ करतो, तीन बोटं शाळेत शिकवली तशी जुळवतो आणि म्हणतो, "फार छान आहे हो." खोटं बोलत नसतो बिचारा. आपल्याकडे पुढ्यात कागद आला की म्हातारासुद्धा पहिलीच्या वर्गात जाऊन बसतो. म्हणून चिगुसा नमुन्यावर मऊ मातीचा थर देते, सोबत चहा आणि शब्दकोडं ठेवते आणि काहीतरी निमित्त काढून निघून जाते. परत आल्यावर माणसाला काही विचारत नाही. मातीवरचे ठसे बघते.

एवढं सगळं ठाऊक असून सख्ख्या बापाच्या बाबतीत तिने माती खाल्ली.

उओझुमी गुरुजींनी त्या भागातल्या दोन पिढ्यांना पेन्सिल धरायला शिकवलं. अंगठा इथे, तर्जनी वरून, मधलं बोट खालून. जेवताना चॉपस्टिक जरा तिरपी धरली तरी चिगुसाच्या बोटांवर टिचकी बसायची. निवृत्त झाल्यावर त्यांचं अख्खं वर्ष डिसेंबरची वाट बघण्यात जाई, कारण तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांना नववर्षाची कार्डं लिहायची असत, प्रत्येकावर स्वतःच्या हाताने दोन ओळी. आई गेली त्या वर्षी सुतकामुळे कार्डं बंद होती, तर हा माणूस महिनाभर घरात हरवल्यासारखा फिरत होता. आता संधिवाताने बोटं वाकडी झाली, आणि थंडी सुरू होताच ते म्हणाले, "यंदा शेवटचं. 'वय झालं, यापुढे कार्ड पाठवणे जमणार नाही, क्षमा असावी,' एवढंच छापून आण. फार दुखतं गं."

असं निरोपाचं कार्ड हल्ली पुष्कळ म्हातारे पाठवतात, त्यात वावगं काही नाही. लिहिणं थांबलं की बाबाही फार दिवस राहणार नाहीत, असं चिगुसाला मात्र अगदी स्पष्ट वाटलं.

तिने छापखान्यात जायचं टाळलं आणि पकडीमागून पकडी बनवल्या. जाड, त्याहून जाड, मऊ, तीन कडांची. दर रविवारी ती त्यांच्यासमोर बसायची. गुरुजी पाठ ताठ करायचे, तीन बोटं जुळवायचे, चार अक्षरं लिहीपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम यायचा. "छान आहे," म्हणून ते पेन खाली ठेवायचे. ठसे घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही. साऱ्या गल्लीला पेन धरायला ज्याने शिकवलं, त्याची पकड काय तपासायची?

मग एका शनिवारी ती न कळवता पर्सिमनची वाळवलेली फळं घेऊन गेली. बागेकडच्या काचेतून बाबा दिसले. वर्तमानपत्रातलं आकड्यांचं कोडं सोडवत होते. पेन तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात खुपसलेलं, बाकी मूठ सैल, अंगठा बाजूला रिकामा. हात भराभर चालला होता आणि चेहऱ्यावर वेदनेचं नाव नव्हतं. "बाबा, मी आले," म्हणत ती आत पोचेपर्यंत पेन पुन्हा तीन बोटांत होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच. ती पर्सिमनं ठेवून, चहा पिऊन परत आली.

सोमवारी तिने मातीचा जो आकार काढला तो बघून कामेदा म्हणाले, "हे काय गं? बदकाची मान?"

"बाबांसाठी आहे. अंगठा लागणार नाही असं."

"गुरुजी कान उपटतील तुझे."

"उपटू देत. कान उपटायलाही अंगठा लागतो."

पुढच्या रविवारी गुरुजींनी कोतात्सूत, खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलात, पाय घालून ते पेन हातात घेतलं, उलटंपालटं केलं. खोबणी कुठल्या दोन बोटांसाठी आहे ते कळायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांचे कान लाल झाले.

"कधी पाहिलंस?"

"गेल्या आठवड्यात, शनिवारी. बागेतून."

"याला पकड म्हणत नाहीत. मूठ आहे ही, मूठ." त्यांनी पेन ढकलून दिलं. "हितोत्सुयानागी म्हणून एक पोर होतं. याच मुठीपायी त्याला मी मधल्या सुट्टीत बसवून ठेवायचो. रडायचा, पण सोडलं नाही मी."

"त्याचं कार्ड येतं अजून?"

"दरवर्षी."

"आणि त्याला तुम्ही छापील क्षमा पाठवणार?"

गुरुजींनी ढकललेलं पेन पुन्हा जवळ ओढलं. मग म्हणाले, "कोरी कार्डं खणात आहेत, काढून दे. आणि तू स्वयंपाकघरात जा. मी लिहिताना बघायचं नाही."

तिने किटली ठेवली. पाणी उकळलं, चहा झाला, तरी हाक येईना. शेवटी ट्रे घेऊन ती दारापाशी आली आणि मुद्दाम कपावर कप आपटला, बोटं सावरायला त्यांना वेळ मिळावा म्हणून.

"कप कशाला वाजवतेस? ये आत."

ती आत गेली. पेन दोन बोटांच्या बेचक्यात होतं, अंगठा रिकामा, आणि तिच्यादेखत गुरुजी लिहितच राहिले. नाव पुरं झाल्यावर त्यांनी कार्ड तिच्यापुढे सरकवलं.

"बघ गं, हितोत्सुयानागीचं नाव. वळण बरं आलंय का?"

वर्गातल्या पोराने विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं. अक्षर थरथरलेलं होतं, पण रेघ कुठेही तुटली नव्हती. चिगुसाने कार्डावर वाकून नुसती मान हलवली.

"रडू नकोस, शाई ओली आहे," म्हणत गुरुजींनी कार्ड मागे ओढलं आणि दुसरं घेतलं.